महिन्याला ४२ जीबी मिळतात, वापरते दोन: फोन, रिचार्ज आणि ओटीटीचा जमाखर्च

जमाखर्च (सोमवार, सकाळी १०:१२)

नमस्कार मंडळी. गेली आठ वर्षं या मंचावर वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी चालेल, बँकेत ३४ वर्षं काउंटरवर काढली आहेत.

प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही एकमेकांत अडकलेत. माझा फोन सहा वर्षांचा. ३ जीबी रॅम, ३२ जीबी जागा, त्यातली २९ भरलेली. मागच्या आठवड्यात बँकेच्या अ‍ॅपने कळवलं की या अँड्रॉइडवर पुढच्या महिन्यापासून चालणार नाही. म्हणजे फोन घेणं आलंच. बजेट १८ हजार, फार तर २०.

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाचं पहिलं वाक्य, "काकू, कॅमेरा १०८ मेगापिक्सेल आहे." मी विचारलं, रेडिओ आहे का? तो शेजारच्या मुलाकडे बघायला लागला. ह्यांना सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आकाशवाणी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागतात. पन्नास वर्षांची सवय. घरातला ट्रान्झिस्टर हल्ली नुसता खरखरतो, म्हणून म्हटलं फोनवर ऐकता आल्या तर बघू.

घरी आले आणि सवयीने वही काढली. आमची दोन सिमं, दोन्हीवर २९९चा पॅक, रोज दीड जीबी, मुदत २८ दिवस. वर्षात तेरा वेळा भरावा लागतो. एका सिमचे ३,८८७, दोघांचे ७,७७४ रुपये. रोज दीड जीबी म्हणजे २८ दिवसांचे ४२ जीबी. मग सेटिंगमध्ये जाऊन खरा वापर बघितला. घरी वायफाय आहे, त्यामुळे गेल्या महिन्यात माझा मोबाइल डेटा गेला १.९ जीबी. ह्यांचा ३०० एमबी, तोही वायफाय एक दिवस बंद पडलं होतं म्हणून.

तिसरं म्हणजे ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून मालिका-सिनेमे बघायच्या सेवा. मुलगा हडपसरला असतो, त्याने टीव्हीवर काय काय लावून दिलंय. पण दर तीन महिन्यांनी खात्यातून २९९ रुपये जातात आणि ते कशाचे हे घरात कोणालाच सांगता येत नाही. बँकेतल्या बाईच्या घरात ही गत.

आणि हो, राहायला नारायण पेठेत, तळमजला, जुना वाडा, दोन-दोन फुटी भिंती. फोन वाजला की मी आधी बाहेर ओट्यावर जाते, मग हॅलो म्हणते.

चहाबाज (सोमवार, सकाळी १०:३१)

धागा काढायच्या आधी वही काढणारं माणूस इथे पहिल्यांदाच पाहिलं. आलं ठेचून चहा टाकलाय. येऊ द्या.

पेठेबाहेरचा (सोमवार, सकाळी ११:०५)

काकू, मेगापिक्सेलचं बाजूला ठेवा. १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर साधारणपणे नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. खोक्यावरचा आकडा खोक्यावरच राहतो.

बघायचं ते हे: रॅम किमान ६, जमलं तर ८ जीबी. आणि ती खरी. "८ + ८" असं लिहिलेलं असेल तर दुसरे ८ म्हणजे साठवणीतलाच तुकडा रॅम म्हणून वापरलेला, त्याने फोन पळत नाही. साठवण १२८ जीबी. आणि इथे एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: साठवण ईएमएमसी आहे की यूएफएस. ईएमएमसीमध्ये वाचणं आणि लिहिणं एका वेळी एकच होतं, यूएफएसमध्ये दोन्ही एकदम. व्हॉट्सअ‍ॅपचं बॅकअप सुरू असताना यूपीआय उघडायला गेलात की हा फरक भाजीवाल्यासमोर कळतो.

पण खरं सांगू का, थोडं बजेट वाढवून २८ पर्यंत गेलात तर मजा येईल.

जमाखर्च (सोमवार, दुपारी १२:२०)

ईएमएमसीचं वहीत लिहून घेतलं, आभारी आहे. दुकानातला मुलगा "थोडं वाढवा" म्हणाला तेव्हा दोन हजार म्हणाला होता. तुम्ही आठ म्हणताय. पेठेबाहेर थोडं म्हणजे बरंच असतं वाटतं.

बॅटरीवाला (सोमवार, दुपारी १:४८)

माझं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ दुरुस्तीचं काम आहे, १४ वर्षं झाली. दिवसाला दहा-बारा फोन उघडतो. काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या वयाच्या गिऱ्हाइकांचे फोन प्रोसेसरने मरत नाहीत. तीन गोष्टींनी मरतात. जागा भरते, चार्जिंगचं भोक ढिलं होतं, नाहीतर कंपनी अपडेट बंद करते. पहिल्या दोन्हींवर माझ्याकडे औषध आहे. तिसऱ्यावर नाही. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपचं तेच झालंय.

म्हणून नवा घेताना पहिला प्रश्न हा विचारा, की अपडेट किती वर्षं आणि कधीपासून. गूगलने पिक्सेल ८ पासून सात वर्षं जाहीर केली, सॅमसंगने एस२४ पासून सात. पण ते तुमच्या बजेटच्या बाहेर. बजेटमध्ये सॅमसंगच्या ए१६ ५जी ला सहा वर्षं जाहीर झाली, बाकीच्या बऱ्याच कंपन्या या किमतीत दोन-तीन-चार वर्षांवर थांबतात. मॉडेलगणिक फरक आहे, कंपनीच्या पानावर बघा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

मेख पुढे आहे. ही वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतलं तेव्हापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये तीन हजारांनी स्वस्त मिळतं, कारण त्याची दोन वर्षं कोणीतरी आधीच खाल्लेली असतात.

तारयंत्र (सोमवार, दुपारी ४:१५)

प्रथम रेडिओविषयी, कारण प्रश्नाचा तो भाग सर्वांनी ओलांडून पुढे गेलेला दिसतो.

आकाशवाणी पुणे केंद्राचे मूळ प्रक्षेपण मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह), ७९२ किलोहर्ट्झवर आहे. फोनमध्ये असतो तो एफएम रिसीव्हर. तो मध्यम लहरी पकडूच शकत नाही. फोनमधल्या एफएमला विविध भारतीचे १०१ सापडेल, खासगी वाहिन्या सापडतील, तेही वायरवाले इअरफोन लावले तर, कारण ती वायरच अँटेनाचे काम करते. आणि आता बऱ्याच फोनांना इअरफोनचे छिद्रच नसते. तेव्हा "रेडिओ आहे का" ही अट काढून टाका. प्रसारभारतीचे न्यूज ऑन एअर हे अ‍ॅप फुकट आहे, त्यावर पुणे केंद्र थेट ऐकता येते.

आता पॅक. २८ दिवसांचे गणित तुम्ही बरोबर मांडले आहे. बारा महिन्यांना तेरा रिचार्ज. याविषयी इतक्या तक्रारी गेल्या की ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२२च्या जानेवारीत आदेश काढून प्रत्येक कंपनीला किमान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवणे भाग पाडले. असे पॅक आहेत. जाहिरात कोणी करत नाही इतकेच.

दुसरे, डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवणे बंधनकारक केले, आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. त्यानंतर २०२५च्या सुरुवातीला तिन्ही खासगी कंपन्यांनी ते आणले. माझ्या स्वतःच्या नंबरवर एअरटेलचा १,८४९ रुपयांचा ३६५ दिवसांचा आहे. कॉल अमर्याद, ३,६०० एसएमएस, डेटा शून्य. दर बदलत असतात, भरण्याआधी एकदा पाहून घ्या.

चहाबाज (सोमवार, दुपारी ४:२६)

तारयंत्र काका आले म्हणजे धागा मार्गी लागला. (अवांतर: जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा काका ड्यूटीवर होते, हे त्यांनी सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो.)

तारयंत्र (सोमवार, दुपारी ४:४०)

होतो. त्यात हसण्यासारखे काही नाही.

जमाखर्च (सोमवार, संध्याकाळी ६:०२)

तारयंत्र, मध्यम लहरींचं वाचून दाखवलं तर हे म्हणाले, "मला माहीत होतं, तू विचारलं नाहीस."

कॉलवाल्या पॅकची कल्पना फार आवडली. दोघांचे मिळून ३,६९८, म्हणजे निम्म्याहून कमी. पण लगेच शंका आली. मी मंडईत गेले की यूपीआयने पैसे देते. सुट्ट्यांचा घोळ नको म्हणून भाजीवाले पण तेच मागतात. डेटा शून्य म्हटल्यावर मंडईत ते कसं चालणार? तिथे आमचं वायफाय पोचत नाही.

पेठेबाहेरचा (सोमवार, संध्याकाळी ६:३०)

नाही चालणार. हाच त्या पॅकचा सापळा आहे, वडिलांच्या बाबतीत मी त्यात पडलो. पॅक भरला, वडील स्वारगेटला रिक्षावाल्यासमोर उभे, क्यूआर स्कॅन होतोय आणि पुढे चक्र फिरतंय. इंटरनेटशिवाय पैसे द्यायला *९९# आहे, यूपीआय १२३पे आहे, पण रिक्षा थांबवून ते करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

ओटीपी मात्र येतो, कारण तो एसएमएस असतो. त्यामुळे घरीच व्यवहार करणाऱ्याला किंवा रोखीने देणाऱ्याला तो पॅक पुरतो.

जमाखर्च (सोमवार, संध्याकाळी ६:४४)

म्हणजे ह्यांना पुरेल. हे आजही पाकिटात सुटे मोजून घेतात आणि परत आल्यावर पुन्हा मोजतात.

मला काय?

तारयंत्र (सोमवार, रात्री ८:१०)

तुमचा वापर महिन्याला १.९ जीबी. दोन रस्ते आहेत. १९९चा २८ दिवसांचा, त्यात एकूण २ जीबी. काठावर बसतो, एखाद्या महिन्यात संपेल, आणि वर्षाचे तेरा पकडले तर २,५८७ होतात. दुसरा, एअरटेलचाच वर्षाचा २,२४९चा, त्यात वर्षभरासाठी मिळून ३० जीबी. तुमची गरज वर्षाला पंचवीसच्या आत. रोजच्या मर्यादेची भानगड नाही, आज वापरले नाही तर उद्या उरते. रोज दीड जीबीवाल्या पॅकमध्ये रात्री बारा वाजता उरलेले सगळे बुडते. तुमचे ४२ मधले ४० असेच बुडत होते.

दोन इशारे. वर्षाचे पैसे एकदम जातात, आणि मध्येच कंपनी बदललीत तर उरलेली मुदत सोडून द्यावी लागते. म्हणून आधी घरात कोणाची रेंज येते ते बघा, मग भरा.

जमाखर्च (सोमवार, रात्री ८:३५)

२,२४९ अधिक १,८४९ म्हणजे ४,०९८. आत्ताचे ७,७७४. वर्षाला ३,६७६ वाचतात. वहीत लाल पेनने लिहिलं.

वेल्ह्याची_वाट (मंगळवार, सकाळी ७:५०)

काकू, कंपनी बदलायची झाली तर माझा अनुभव ऐकून ठेवा. मी वेल्ह्याकडे शाळेत शिक्षक, राहतो धायरीत. माझं पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, दोनदा फेटाळलं गेलं. पहिल्यांदा का, तर सिम खराब झालं म्हणून तीन दिवस आधी दुकानातून नवीन काढलं होतं. जुलै २०२४ पासून नियम असा आहे की सिम बदललं की सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. सिमची अदलाबदल करून लोकांची खाती लुटतात म्हणून केलंय, बरोबरच आहे, पण दुकानातला माणूस हे बोलला नाही. दुसऱ्यांदा कोड मिळाला, पण मी परीक्षेच्या कामात, गेलो सहाव्या दिवशी. कोड आपल्याकडे चार दिवसच चालतो.

पद्धत सोपी आहे. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० ला. कोड येतो, तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात. त्याच सर्कलमध्ये (दूरसंचारच्या विभागात) तीन कामाचे दिवस लागतात. पुणे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, मुंबईचं सर्कल वेगळं. मुंबईचा नंबर असेल तर पाच दिवस धरा.

कोड मागितला की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात. "सर, तुमच्यासाठी खास ऑफर आहे." नऊ वर्षं गिऱ्हाईक होतो तेव्हा खास नव्हतो. बाहेर निघालो तर झालो.

निळी_छत्री (मंगळवार, सकाळी ८:२२)

वेल्ह्याची_वाट, तुमच्याकडे कुठलं चालतं? आम्ही दर पावसाळ्यात तोरण्याला येतो आणि पायथ्यापासून संपर्काच्या बाहेर.

वेल्ह्याची_वाट (मंगळवार, सकाळी ८:५७)

गावागणिक बदलतं. एका खिंडीच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरं. मी दुसऱ्या सिमच्या जागी बीएसएनएल ठेवलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं स्वदेशी ४जी सुरू झालं, ९७,५०० टॉवरचं. मुख्य यंत्रणा सी-डॉट या सरकारी संस्थेची, टॉवरवरची तेजस कंपनीची, जोडणी टीसीएसची. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आता व्हिडिओ कॉल लागतो. वर्गात अजून नाही, त्यामुळे मुलांचं फार नुकसान झालेलं नाही.

बॅटरीवाला (मंगळवार, सकाळी ११:३०)

ओट्यावर जाऊन हॅलो म्हणायचं राहूनच गेलं की. काकू, कंपनी बदलायच्या आधी वायफाय कॉलिंग चालू करून बघा. सेटिंग, सिम, तिथे असतं. फोन घरच्या वायफायवरून लागतो, वेगळं अ‍ॅप नको, समोरच्याला नंबर नेहमीचाच दिसतो, जादा पैसे नाहीत. २०१९-२० पासून आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना माहीत नसतं. पेठेतल्या वाड्यांना, बेसमेंटमधल्या ऑफिसांना हेच औषध. घेताना मात्र विचारा की या मॉडेलवर तुमच्या कंपनीचं वायफाय कॉलिंग चालतं का. सगळ्या मॉडेलवर चालत नाही.

जमाखर्च (मंगळवार, दुपारी १२:०५)

जुन्या फोनमध्येच सापडलं! चालू केलं. बहिणीला स्वयंपाकघरातून फोन लावला, कुकरच्या शिट्टीसकट ऐकू गेलं तिला. सहा वर्षं मी ओट्यावर उभं राहून बोलले आणि समोरच्या वाड्यातल्या जोशीणबाईंना आमच्या घरातलं सगळं ठाऊक झालं. आता त्यांची गैरसोय होणार.

मधली_सून (मंगळवार, दुपारी २:४०)

आता ओटीटीवर बोलूया, मी कधीची थांबले आहे.

ते दर तिमाहीचे २९९ जवळजवळ नक्की जिओहॉटस्टारचे असणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले तेव्हा तीन महिन्यांना १४९चा मोबाइलवाला आणि २९९चा टीव्हीवर चालणारा असे पॅक होते. आता ब्रॉडबँडचं बिल काढा. वायफायच्या पॅकमध्ये तेच आधीपासून फुकट असण्याची दाट शक्यता आहे. आमच्याकडे तसंच होतं. दीराने एकदा कार्डवर घेतलेलं, वायफायसोबत एक आलेलं आणि नवऱ्याच्या रिचार्जमध्ये तिसरं. एकच मालिका, तीन पावत्या.

बंद करायचं तर अ‍ॅप काढून टाकून उपयोग नाही, पैसे जातच राहतात. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) नावाचा भाग असतो, तिथे यादी दिसते, तिथून रद्द करायचं. कार्डवर असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे जायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, तो मेसेज आपण जाहिरात समजून पुसतो. १५ हजारांपर्यंत ओटीपी विचारत नाहीत, म्हणून कळत नाही.

जमाखर्च (मंगळवार, दुपारी ३:३१)

मधली_सून, तुम्हाला साष्टांग नमस्कार. यादी उघडली. २९९ तेच निघाले. ब्रॉडबँडच्या बिलात पण तेच लिहिलेलं. शिवाय यादीत एक ध्यानाचं अ‍ॅप, महिना ९९. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "झोप येत नव्हती म्हणून एकदा लावलं होतं." दीड वर्षं झोपतायत ते ९९ रुपये महिन्याने.

मी आयुष्यभर लोकांना "पासबुक भरून घ्या" सांगितलं.

निळी_छत्री (मंगळवार, दुपारी ४:०८)

पण काकू, तुम्ही बघता काय, त्यावर ठरवा ना. झी मराठीच्या मालिका झी५वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. सह्याद्री बघत असाल तर प्रसारभारतीच्या वेव्हजवर, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. सगळं एकाच ठिकाणी कुठेच नाही. मी दोन-दोन महिने एक घेते, बघून संपवते, बंद करते, मग दुसरं. कोणी पूर्ण वर्षाचं घ्या म्हटलं की मी विचारते, वर्षभर बघण्यासारखं काय आहे?

आणि प्राइमवर १,४९९ भरूनसुद्धा जून २०२५ पासून जाहिराती आल्यात. नको असतील तर वर्षाचे ६९९ वेगळे. पैसे देऊन जाहिराती बघायच्या, म्हणजे केबल बरी होती.

पेठेबाहेरचा (मंगळवार, दुपारी ४:३०)

केबल बरी नव्हती हो. आठवा जरा.

निळी_छत्री (मंगळवार, दुपारी ४:३३)

आठवली. मागे घेते.

चहाबाज (मंगळवार, रात्री ९:१५)

मग फोन ऑनलाइन की दुकानातून? (हा प्रश्न टाकून मी मागच्या बाकावर जाऊन बसतो.)

पेठेबाहेरचा (मंगळवार, रात्री ९:२२)

ऑनलाइन. दर तुलना करता येतो, विनाव्याज हप्ता मिळतो.

जमाखर्च (मंगळवार, रात्री ९:४०)

विनाव्याज हप्त्यावर मात्र मी बोलणार, हा माझा प्रांत. बँक फुकट पैसे देत नाही. व्याज लागतंच, ते तेवढ्या सवलतीच्या रूपाने आधी वजा करून दाखवतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डाच्या बिलात येतो, वर प्रोसेसिंग फी, तिच्यावर पुन्हा जीएसटी. आणि रोख दिले असते तर मिळणारी सवलत हप्त्याला बहुधा नसते. १८ हजारांच्या फोनला दोन-चारशे रुपये जास्त जातात. फार नाहीत, पण मग "विनाव्याज" म्हणू नये.

बॅटरीवाला (बुधवार, सकाळी १०:५०)

कुठूनही घ्या, पण बिलावर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) पाहिजे. फोनवर *#०६# दाबा, तो, खोक्यावरचा आणि बिलावरचा एकच आहे का ते दुकानातून पाय बाहेर टाकायच्या आधी बघा. जुना घेणार असाल तर त्याहून जास्त जपा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर किंवा केवायएम इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला पाठवलात की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळतं. गेल्या महिन्यात एक पोरगा सहा हजारांत "भारी डील" घेऊन आला, नंबर टाकला तर ब्लॅकलिस्ट. त्याचं तोंड बघवेना.

आणि पाणी. खोक्यावर आयपी६८ (पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून कोणी सिंहगडावर पावसात रील काढत बसतं, मग माझ्याकडे येतं. ती चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात, नव्या फोनवर होते. फोन एकदा पडला, सील हललं, की विसरा. आणि पाणी गेलेलं बहुतेक वॉरंटीत बसतच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझं निम्मं दुकान त्यावर चालतं, मला काय, माझा फायदाच आहे.

मधली_सून (बुधवार, दुपारी १:१०)

सासूबाईंचं एक जुनं सिम कपाटात पडलंय, पण बँकेत तोच नंबर आहे. रिचार्ज नाही केला तर जातो का?

तारयंत्र (बुधवार, दुपारी १:५५)

प्रीपेड सिम सलग ९० दिवस काहीच वापर नसल्याशिवाय बंद करता येत नाही. त्यानंतरही शिल्लक २० रुपये किंवा जास्त असेल तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखतात. त्यापुढे नंबर जातो आणि काही काळाने दुसऱ्या कोणाला दिला जातो. सासूबाईंच्या बँकेचे ओटीपी मग त्या दुसऱ्या माणसाला. आजच बँकेत नंबर बदलून घ्या. सिम वाचवण्याच्या भानगडीत पडू नका.

जमाखर्च, तुमच्या ट्रान्झिस्टरविषयी एक विचारायचे राहिले. जिथे तो ठेवता तिथे एलईडी दिवे आहेत का? स्वस्त एलईडी ट्यूबच्या आतल्या सर्किटमुळे मध्यम लहरींवर खरखर येते. इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर, तीच तऱ्हा. बातम्यांच्या वेळी ट्यूब बंद करून पाहा.

जमाखर्च (पुढच्या सोमवारी, सकाळी ९:३०)

आठवडाभराचा अहवाल देते.

फोन घेतला. १७,४०० रुपये, रोख, दुकानातून. पेठेबाहेरचा यांच्या यादीतलं ८ जीबी आणि यूएफएस बघितलं, बॅटरीवाला यांचं अपडेटचं वर्ष कंपनीच्या पानावर बघून दुकानदाराला दाखवलं, त्याला ते माहीत नव्हतं. वायफाय कॉलिंग दुकानातच सिम घालून तपासलं. आयएमईआय तिन्ही ठिकाणी जुळवला. मागे रांग लागली होती, लागू दे.

दोन्ही नंबर पोर्टला टाकलेत. शेजारच्यांचा फोन आणून आधी घरात रेंज पाहिली, स्वयंपाकघरात एक काडी, ओट्यावर तीन, बाकी वायफाय आहे. मँडेट दोन रद्द. मुलगा म्हणाला, "आई, २९९साठी एवढं?" मी त्याला त्याची यादी उघडायला लावली. तो अजून परत फोन करतो म्हणालाय.

जुना फोन विकला नाही. त्यातलं सिम काढलं, बँकेची आणि पैशांची सगळी अ‍ॅपं पुसली, नुसतं वायफाय आणि न्यूज ऑन एअर ठेवलं. स्वयंपाकघरातल्या खिडकीत चार्जरला लावून ठेवलाय, आमचा नवा रेडिओ.

आणि तारयंत्र, ट्यूब बंद केली आणि खरखर गेली! अगदी स्वच्छ. म्हणजे फोनवर रेडिओ शोधायची मुळात गरजच नव्हती. आता रोज सकाळी सातला हे बाहेरच्या खोलीत ट्यूब बंद करून अंधारात ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसतात आणि मी आत फोनवर लावते. फोनवरचं अर्ध्या मिनिटाने मागे येतं. हे बातमी ऐकून आत सांगायला येतात, मग ती माझ्याकडे सुरू होते. यांचं म्हणणं, मी शिळ्या बातम्या ऐकते.

नवा_गडी (पुढच्या सोमवारी, सकाळी ९:५१)

सगळा धागा वाचला, मस्तच. वाचनखूण साठवली. पण घेतला कुठला फोन ते लिहिलंच नाहीत! मलाही तोच घ्यायचाय.

जमाखर्च (पुढच्या सोमवारी, सकाळी १०:०२)

गेल्या महिन्यात तुमचा मोबाइल डेटा किती गेला?

नवा_गडी (पुढच्या सोमवारी, सकाळी १०:०४)

माहीत नाही. कुठे बघायचं असतं?

चहाबाज (पुढच्या सोमवारी, सकाळी १०:०५)

चला, पुन्हा आधण ठेवतो.